विरजण युरोपचं, पातेलं कुणाचं?

वाटीभर दुधाला विरजण लावायला कुणाला शिकवावं लागत नाही. कोमट दूध, चमचाभर दही, वर झाकण, सकाळी दही तयार. पण लग्नघरी एकाच पातेल्यात शंभर लिटर दुधाचं दही लावा म्हटलं, तर आचारी हो म्हणण्याआधी चार प्रश्न विचारील. कडेचं दूध निवलं आणि पोटातलं गरमच राहिलं तर? विरजण सगळीकडे सारखं मिसळणार कसं? पातेलं हलवायचं कुणी? आणि बिघडलं तर शंभर लिटर दूध कुणाच्या नावावर?

युरोप जैवतंत्रज्ञानात मागे पडतोय का, यावर ब्रसेल्समध्ये गेली काही वर्षं अहवालांवर अहवाल निघतायत. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने या विषयावर स्वतंत्र धोरणपत्र काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांचा युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा गाजलेला अहवाल आला. डिसेंबर २०२५ मध्ये जैवतंत्रज्ञानाच्या कायद्याचा प्रस्ताव मांडला गेला. भाषा जड आहे, पाने पुष्कळ आहेत, पण मुद्दा त्या आचाऱ्याचाच आहे. युरोपला विरजण लावता येतं, आणि उत्तम येतं. पातेलं मोठं करायची वेळ आली की गाडी अडते.

आधी दोन शब्द सरळ करून घेऊ. जिवंत पेशीला, म्हणजे यीस्ट, जिवाणू, बुरशी यांना, आपल्याला हवं ते काम करायला लावणं म्हणजे जैवतंत्रज्ञान. तेच काम कारखान्यात, रोज, टनावारी आणि परवडेल अशा भावात करून घेणं म्हणजे जैवउत्पादन. पहिल्याला नोबेल मिळतं. दुसऱ्याला वीज, पाणी, साखर, पोलाद आणि परवाने लागतात.

या दोहोंतलं अंतर किती मोठं असतं, हे युरोपला पहिल्यांदा पेनिसिलीनने दाखवलं. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत एक बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू मेले, ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. पुस्तक तिथेच थांबतं. त्या बुरशीतून औषध निघायला पुढे दहा-बारा वर्षं गेली. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते काढलं, पण युद्धाच्या टंचाईत भांडी कुठून आणायची? रुग्णालयातल्या बेडपॅनमध्ये बुरशी वाढवून झाली. मग त्याच आकाराची चिनीमातीची भांडी खास बनवून घेतली. जर्मन सैन्य उतरलंच तर निदान बुरशी वाचावी, म्हणून या मंडळींनी आपल्या कोटांना आतून बुरशीचे बीजाणू चोळून ठेवले होते.

अडचण अशी की ही बुरशी द्रवाच्या वर सायीसारखी धरते. जास्त औषध हवं तर जास्त साय हवी, म्हणजे जास्त भांडी हवीत. एका रुग्णापुरतं औषध जमवताना सगळ्यांच्या नाकी नऊ येत. जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी सरकारी शेती-प्रयोगशाळा होती. मक्याचा स्टार्च काढताना उरणारं दाट पाणी तिथल्या लोकांनी बुरशीला खाऊ घातलं आणि उत्पन्न अनेक पटींनी वाढलं. मग बुरशीला वर तरंगत न ठेवता मोठ्या टाकीत बुडवून, खालून हवा सोडून, ढवळत ढवळत वाढवायचं तंत्र बसलं. १९४४ साली दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा पुरेल इतकं पेनिसिलीन तयार होतं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. पेनिसिलीनचा धंदा अमेरिकेत बसला.

टाकीत एवढं अवघड काय असतं?

पहिली अडचण श्वासाची. पाण्यात साखर हवी तेवढी विरघळते, लिटरमागे शेकडो ग्रॅम. प्राणवायू मात्र साध्या तापमानाला लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो. भुकेलेले जीव तो काही सेकंदांत संपवतात. तेव्हा सतत हवा फुंकायची, तिचे बुडबुडे बारीक करायचे, ते टाकीभर पोचवायचे. ढवळणं जोरात झालं तर नाजूक पेशी फाटतात, हळू झालं तर टाकीच्या कोपऱ्यातले जीव गुदमरतात. प्रयोगशाळेतल्या चंबूला हा त्रास नसतो. तो नुसता हलवला तरी भागतं.

दुसरी अडचण उष्णतेची. इडलीचं पीठ आंबताना भांडं किंचित कोमट लागतं, ती त्या जिवांची ऊब. टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आतला माल आठपट होतो, पण ऊब बाहेर सोडणारी भिंत चारपटच वाढते. लाख लिटरच्या टाकीत म्हणून आत थंड पाण्याच्या नळ्यांची वेटोळी लागतात आणि थंड पाणी करायला वीज लागते.

तिसरी, सोवळ्याची. बाहेरचा एक आगंतुक जिवाणू शिरला तर आठ दिवसांची मेहनत आणि सगळा माल गटारात. मराठी घरात विरजणाला कुणी उष्टा चमचा लावू देत नाही. इथे तो नियम व्हॉल्व, नळ्या, हवा आणि माणूस सगळ्यांना लागू.

एवढं करून टाकीतून जे निघतं ते बहुतेक पाणीच असतं. त्यातला आपला मोलाचा पदार्थ गाळून, वेगळा काढून, शुद्ध करायचा, आणि पुष्कळदा एकूण खर्चातला मोठा वाटा इथेच जातो. वर्तमानपत्रात ‘शास्त्रज्ञांनी जिवाणूकडून प्लास्टिक बनवून घेतलं’ अशी बातमी आली की मी आधी ते लिटरमागे किती ग्रॅम बनलं हे शोधतो. बहुतेक वेळा तो आकडा बातमीत नसतो.

चंबू आणि कारखाना यांच्या मध्ये एक पायरी लागते, हजार-दहा हजार लिटरची. तिथे माल विकण्याइतका होत नाही, पण खर्च कारखान्यासारखा होतो. नवी कंपनी बहुधा इथेच अडते. बेल्जियममध्ये घेंटच्या बंदरात एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या जागी सार्वजनिक पैशातून अशी एक सोय उभी राहिली, पंधरा हजार लिटरपर्यंतच्या टाकीची. कुणीही यावं, भाडं भरावं, आपला जीव मोठ्या टाकीत जगतो का पाहावं. दळण घेऊन गिरणीत जावं तसं. अशी केंद्रं युरोपात आहेत आणि चांगली आहेत. प्रश्न त्यापुढचा असतो. चाचणी जमली, आता लाख लिटरची टाकी बांधायला कोट्यवधी युरो देणार कोण? मोबाईलचं अॅप चाललं नाही तर बंद करता येतं, पोलादाची टाकी तशी गुंडाळता येत नाही. युरोपातले पैसेवाले या बाबतीत जपून चालणारे. कोविडच्या लशीमुळे घराघरांत पोचलेली बायोएनटेक कंपनी जर्मनीतल्या माइन्झची, पण २०१९ साली भांडवल उभं करायला ती न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजारात गेली. द्राघी अहवालानुसार २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मलेल्या अब्ज डॉलरवाल्या नवउद्योगांपैकी जवळजवळ ३० टक्क्यांनी आपलं मुख्यालय परदेशी हलवलं. हा आकडा सगळ्या क्षेत्रांचा आहे, पण दुखणं तेच.

पैसा ही एक बाजू झाली. दुसरी बाजू परवान्याची, आणि तिथे फ्रँकफर्टची गोष्ट सांगायलाच हवी.

फ्रँकफर्टच्या हॉख्स्ट भागातली त्याच नावाची कंपनी १९२३ पासून जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत असे. १९८२ साली अमेरिकेत जिवाणूकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवापासूनचं ते पहिलं औषध. हॉख्स्टनेही १९८४ मध्ये तशा कारखान्यासाठी अर्ज केला. आसपासच्या रहिवाशांनी हरकती घेतल्या, राजकारण पेटलं. १९८९ मध्ये हेसेन राज्याच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की जनुक-तंत्रज्ञानाचा कायदाच अस्तित्वात नाही, तेव्हा असा कारखाना चालवता येणार नाही. कायदा १९९० मध्ये झाला. उत्पादन सुरू व्हायला १९९८ उजाडलं. या चौदा वर्षांत जर्मन मधुमेही त्याच तंत्राने बनलेलं, बाहेरून आलेलं इन्सुलिन टोचून घेत होते. औषध चालतं, कारखाना चालत नाही, असा तो प्रकार.

विरोध करणाऱ्यांना वेडं ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. राइन नदीच्या काठावरच्या रसायन कंपन्यांनी लोकांचा विश्वास आधीच गमावला होता. १९८६ साली बाझेलजवळच्या गोदामाला आग लागून राइन लाल झाली होती, मासे मेले होते. रहिवाशांची भीती जीवशास्त्रातून कमी आणि शेजारच्या धुराड्यातून जास्त आली होती. चूक सरकारची होती, नियम आधी करायचे सोडून भांडण न्यायालयात जाऊ दिलं.

आता युरोपच्या कायद्यातला एक भेद समजून घेतला की बाकीचं बरंचसं उलगडतं. टाकीतला जीव वेगळा आणि शेतातला जीव वेगळा. बंद टाकीत जनुकीय बदल केलेलं यीस्ट वाढवलं, त्याच्याकडून एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, बनवून घेतलं आणि यीस्ट मारून टाकलं, तर त्याचे नियम कडक असले तरी वाट ठरलेली आहे. चीजचंच घ्या. दूध फाडायला पूर्वी वासराच्या जठरातलं रेनेट लागायचं. आज जगातलं बरंचसं चीज सूक्ष्मजीवांनी टाकीत बनवलेल्या त्याच एन्झाइमवर होतं. आपल्याकडच्या पिझ्झावर हिरव्या ठिपक्याचं चीज पडतं ते वासराविना दूध फाडता येतं म्हणून.

तेच बियाणं शेतात पेरायचं म्हटलं की युरोपचा सूर बदलतो. २००१ चा निर्देश त्याला ‘पर्यावरणात सोडणं’ म्हणतो आणि प्रत्येक वाणाला लांबलचक तपासणीतून जावं लागतं. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने क्रिस्परसारख्या, जनुकात नेमकी काटछाट करणाऱ्या नव्या तंत्राने केलेले बारीक बदलही याच खात्यात घातले. ते सैल करण्याचा प्रस्ताव २०२३ साली आला आणि त्यावर संसद आणि सदस्य देश यांची तडजोड व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला.

टाकीतून निघालेलं खाणं असेल तर तिसराच रस्ता, ‘नवखाद्य’ परवान्याचा. फिनलंडची सोलर फूड्स कंपनी हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन जिवाणूला देऊन प्रथिनाची पूड बनवते. साखर नको, शेत नको. युरोपात त्यांनी २०२१ मध्ये अर्ज केला. सिंगापूरने २०२२ मध्येच परवानगी दिली. कंपनी फिनलंडची, कारखाना हेलसिंकीजवळ वांतामध्ये, आणि पहिलं गिऱ्हाईक सिंगापुरात.

नवा कायदा परवान्यांची वाट आखूड करू पाहतो, पण सगळ्यांची एकदम नाही. डिसेंबर २०२५ चा प्रस्ताव मुख्यतः आरोग्याच्या बाजूचा आहे. त्यात औषधांच्या चाचण्यांना लवकर मंजुरी, महत्त्वाच्या कारखान्यांना प्राधान्य, नव्या गोष्टी नियामकाच्या देखरेखीखाली करून पाहायची मुभा अशा तरतुदी आहेत. खाणं, कापड, रसायनं यांची बाजू पुढच्या टप्प्यासाठी ठेवली आहे.

युरोपला टाकी जमतच नाही असं मात्र नाही. डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, वस्ती सोळा-सतरा हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं बाजारगाव. नोवो नॉर्डिस्क या डॅनिश औषध कंपनीच्या इन्सुलिनचा मोठा भाग इथल्या टाक्यांत, यीस्टकडून तयार होतो. वजन उतरवण्यासाठी जगभर गाजलेल्या वेगोव्ही या औषधातलं सेमाग्लुटाइडही यीस्टपासूनच सुरू होतं, रसायनशास्त्राचा हात त्यावर नंतर फिरतो. शेजारीच एन्झाइम बनवणारी नोवोनेसिस. तुमच्या-आमच्या कपडे धुण्याच्या पावडरीत जी एन्झाइम असतात, ती बनवणाऱ्यांत ही जगातली सगळ्यात मोठी. एन्झाइम घातलेली पावडर रक्ताचे, तेलाचे डाग कमी गरम पाण्यातही काढते. आपण नळाच्या पाण्यात कपडे धुतो, म्हणून याचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. युरोपात मशीन पाणी तापवून धुतं आणि धुलाईतली बहुतेक वीज त्या तापवण्यातच जाते. साठऐवजी तीस अंशांवर कपडे निघाले की कोट्यवधी घरांतली वीज वाचते.

कालुंडबोर्गची खरी गंमत कारखान्यांच्या शेजारधर्मात आहे. १९६१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्याला पाणी हवं होतं, भूजल कमी होतं, म्हणून टिसो तलावातून नळ टाकला. १९७२ मध्ये त्याच कारखान्याचा जळून जाणारा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डवाल्याने घेतला. मग वीज केंद्राची वाफ औषध कारखान्याला जाऊ लागली. टाक्यांतून उरलेला चोथा शेतकऱ्यांच्या खताला, इन्सुलिन काढून झालेलं यीस्ट डुकरांच्या खाद्याला. आज जगभरचे अभ्यासक हे पाहायला येतात, पण सुरुवातीला कुणी आराखडा काढला नव्हता. पाणी महाग होतं आणि शेजारी ओळखीचे होते, एवढंच. आपल्याकडे मळीपासून अल्कोहोल केल्यावर उरणाऱ्या स्पेंट वॉशने ओढे-विहिरी खराब झाल्याच्या तक्रारी साखरपट्ट्याने भरपूर ऐकल्या आहेत. जैव म्हणजे आपोआप स्वच्छ, हा गैरसमज त्या पट्ट्यातल्या माणसाला तरी नसतो. टाकी रिकामी झाल्यावर उरलेल्याचं काय होतं, त्यावर स्वच्छपणा ठरतो.

कालुंडबोर्गला धोका नाही असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नोवो नॉर्डिस्कचं बाजारमूल्य डेन्मार्कच्या वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वर गेलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने नऊ हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. अमेरिकन स्पर्धकाचं औषध पुढे गेलं, शेअर घसरला. एका टाकीवर देश उभा राहिला की असं होतं.

मग प्लास्टिक, कापड, इंधन असं सगळंच टाकीतून का काढत नाहीत? कारण टाकीला साखर लागते. औषध किलोमागे लाखोंना विकलं जातं, तिथे साखरेचा भाव कुणी मोजत नाही. प्लास्टिक किलोमागे शंभर-दोनशे रुपयांचं, तिथे सगळा खेळ साखरेवर. युरोपची साखर बीटापासून होते, उसाइतकी स्वस्त नाही. म्हणून नेदरलंड्सच्या कॉर्बियनने फ्रेंच तेलकंपनीसोबत वनस्पतीजन्य प्लास्टिकचा ७५ हजार टनांचा कारखाना काढला तो थायलंडमध्ये, उसाच्या शेजारी. त्यात वाईट काही नाही. पण रोजगार थायलंडचा झाला. शिवाय विजेचा भाव. द्राघी अहवालानुसार युरोपातल्या उद्योगांना वीज अमेरिकेच्या दोन-तीनपट आणि वायू चार-पाचपट महाग पडतो. हवा फुंकणं, थंड करणं, वाळवणं, सगळं विजेवर. ढवळणीचं बिल वाढलं की चंबूत जमलेलं गणित टाकीत कोसळतं.

हे सगळं एकत्र पाहायचं तर पुन्हा पेनिसिलीनकडे जावं लागतं. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात कुंड्ल नावाचं गाव आहे. १९४६ मध्ये तिथल्या बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यात पेनिसिलीन बनवायला घेतलं. टाक्या होत्या, आंबवणारे हात होते, फक्त यीस्टऐवजी बुरशी आली. पोटातल्या आम्लात न बिघडणारं, गोळीने घेता येणारं पेनिसिलीन पुढे याच गावात सापडलं. त्याच सुमाराला, १९५४ मध्ये, आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. पिंपरीच्या कित्येक घरांत त्या कंपनीला अजून ‘एचए’ म्हणतात.

पुढे चीनने पेनिसिलीनचा कच्चा माल इतका स्वस्त केला की भारतातले कारखाने एकेक करून थांबले. औषधांचा देश म्हणवून घेणारे आपण साध्या पेनिसिलीनच्या मुळासाठी चीनकडे बघू लागलो. सरकारी प्रोत्साहनावर काकीनाड्याजवळ ते पुन्हा बनायला २०२४ उजाडलं. कुंड्ल टिकलं, पण धापा टाकत. २०२० मध्ये तिथलं उत्पादन बंद पडण्याची वेळ आली तेव्हा ऑस्ट्रियाच्या सरकारने पाच कोटी युरो घातले, कंपनीचे धरून पंधरा कोटींहून अधिक. दोनच वर्षांनी, २०२२ च्या हिवाळ्यात, युरोपातल्या औषध दुकानांत पेनिसिलीनच्याच घराण्यातलं, लहान मुलांचं अमॉक्सिसिलीन मिळेना.

पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स कॉफीच्या दोन कपांच्या भावात मिळतो, ही रुग्णाची सोय आणि कारखान्याची फाशी. रुग्णालयं निविदा काढतात आणि सगळ्यात कमी दरवाल्याला काम देतात. पुण्यातलं सरकारी रुग्णालय असो की व्हिएन्नातलं, हिशेब एकच. मार्च २०२५ मध्ये आयोगाने अत्यावश्यक औषधांसाठी जो प्रस्ताव मांडला, त्यात म्हणूनच एक कलम निविदेचं आहे. केवळ किंमत बघू नका, माल कुठून येतो आणि पुरवठा किती खात्रीचा आहे तेही बघा, असं ते सांगतं. कुंड्लच्या टाकीतलं पेनिसिलीन थोडं महाग असेल. त्या फरकाचे पैसे भरायला किती देशांची आरोग्यखाती तयार होतात, ते निविदा उघडल्यावर दिसेल.